‘घरचेच तर आहे!’ – एका डब्याचा हिशेब

बदलीच्या नोकरीत गावे बदलतात, शाखा बदलतात, घरमालकही बदलतात. बदलत नाही ती एकच गोष्ट, हिशेबाची सवय. वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतरची बँकेतील दहा-बारा वर्षे यांमुळे ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की, सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातही ती पाठ सोडत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मला अशाच एका रविवारी, जबलपूरच्या चेरीताल भागातील आमच्या भाड्याच्या घरात, दालचिनी-साखरेच्या कुकीज भाजताना मिळाला. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु आपल्या बँकेच्या असंख्य महिला ग्राहकांच्या कष्टाशी त्याचा संबंध आहे, आणि काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांच्या एका चुकीशीही आहे.

जबलपूर हे तलावांचे शहर. येथे बावन्न ताल होते असे सांगतात. गोंडवनाची राणी दुर्गावती हिच्या नावाचा राणीताल, तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा आधारताल आणि राणीच्या चेरीच्या, म्हणजे दासीच्या, नावाचा चेरीताल, अशी लोकपरंपरा आहे. राणी दुर्गावतीला १५६४ मध्ये वीरमरण आले. तिच्या दासीची आठवण मात्र आजही पोस्टाच्या पत्त्यात टिकून आहे. हा प्रदेश १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाण्यापूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. साहजिकच या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेत. आमचे घरमालक अशांपैकीच एक. बोलताना निम्मी वाक्ये हिंदीच्या वळणाने जातात. पण दिवाळीचा फराळ आणि संक्रांतीचा तिळगूळ यांत तसूभरही फरक नाही.

भट्टीपासून ओव्हनपर्यंत

त्या रविवारी माझ्या दहा वर्षांच्या लेकीने हट्ट धरला तो दालचिनी-साखरेत घोळवलेल्या कुकीजचा. अमेरिकेत या प्रकाराला ‘स्निकरडूडल’ असे गमतीदार नाव आहे. माझ्याकडे ओव्हन नाही. खालच्या मजल्यावरील वहिनींकडे आहे, आणि त्या तशा कुकीज करून ओळखीपाळखीत विकतातही. तेव्हा सारा लवाजमा खाली गेला.

कृती सोपी आहे. दीडशे ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि तेवढीच पिठीसाखर हलकी होईपर्यंत फेसायची. त्यात अडीचशे ग्रॅम मैदा, चमचाभर दालचिनीपूड आणि पाव चमचा खाण्याचा सोडा मिसळायचा. मूळ कृतीत सोड्याच्या जोडीला ‘क्रीम ऑफ टार्टर’ लागते. द्राक्षांपासून मद्य तयार करताना पिंपात उरणाऱ्या क्षारापासून बनणारी ही पांढरी पूड आम्लधर्मी असते, त्यामुळे सोडा फुलतो आणि कुकीला किंचित आंबूस चव येते. वहिनी त्याऐवजी दोन चमचे घट्ट दही घालतात. गोळा मळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवतात. जबलपूरच्या मे महिन्यात हा अर्धा तास टाळता येत नाही, कारण लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि दुपारी बाहेरचा पारा चाळिशी ओलांडतो. गोळा गार नसेल तर ओव्हनमध्ये कुकीज पसरून एकमेकींना चिकटतात. मग लिंबाच्या निम्म्या आकाराचे गोळे करून साखर आणि दालचिनीपूड यांच्या मिश्रणात घोळवायचे, जरा दाबायचे आणि १८० अंशांवर बारा मिनिटे भाजायचे. बाहेर काढताना मध्यभागी त्या मऊच असतात. तिथे घाई करून आणखी भाजल्या की बिघडल्या. गार होताना त्या आपोआप खुसखुशीत होतात.

आमची ही गडबड चालू असताना वहिनींच्या सासूबाई, आम्ही सारे त्यांना आजी म्हणतो, दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांच्या मते यात नवे काहीच नव्हते. पूर्वी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर जायचे, कारागिराच्या समोर बसून पीठ मळून घ्यायचे आणि संध्याकाळी नानकटाईचे डबे डोक्यावरून घरी आणायचे. महाराष्ट्रातील अनेक गावांतही ही पद्धत होती आणि काही ठिकाणी अद्याप आहे. “भट्टीवाल्याला भाजणावळ द्यायचो. ती ठरलेली असायची, त्यात घासाघीस नाही,” आजी म्हणाल्या.

‘भाजणावळ’ हा शब्द माझ्या मनात घर करून राहिला. दळणावळ, शिलाई, घडणावळ, भाजणावळ – कामाच्या मोबदल्याला आपल्या भाषेत किती नेमके शब्द आहेत! मात्र तेच काम घरातील स्त्रीने घरात केले की त्या मोबदल्याला शब्दच उरत नाही.

डब्याचा हिशेब

कुकीज गार होत असताना मी सहज विचारले, “वहिनी, अर्धा किलोचा डबा केवढ्याला देता?”

“एकशेसाठला. सामान सव्वाशेचं, डबा-बटर पेपर वीस. पंधरा रुपये सुटतात.”

“आणि तुमची मेहनत?”

वहिनी हसल्या. “ताई, घरचंच तर आहे! त्याचे कसले पैसे?”

सवयीने मी हाती कागद घेतला. आम्ही दोघींनी मिळून मांडलेला हिशेब असा झाला :

मैदा १२ रुपये, लोणी ९०, साखर १०, दालचिनी १०, सोडा व दही ३. एकूण सामान १२५ रुपये.
डबा आणि बटर पेपर : २० रुपये.
वीज (दीड हजार वॅटचा ओव्हन, सुमारे एक युनिट) : ८ रुपये.
ओव्हनचा घसारा (किंमत ७,००० रुपये, आयुष्य ५ वर्षे, वर्षातून १५० दिवस वापर) : ९ रुपये.

येथवर बेरीज झाली १६२ रुपये. विक्रीची किंमत १६०. म्हणजे मजुरी शून्य धरूनही प्रत्येक डब्यामागे दोन रुपये वहिनी पदरचे घालत होत्या. दोन तास उभे राहून, मेच्या उकाड्यात ओव्हनसमोर घाम गाळून, वर दोन रुपये! ताशी केवळ ६० रुपये मजुरी धरली तरी दोन तासांचे १२० रुपये होतात आणि डब्याचा खरा खर्च २८२ रुपयांवर जातो.

कागदाकडे पाहून वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे तीन वर्षं मी लोकांना कुकीज खाऊ घातल्या, आणि वर त्यांना पैसे दिले.”

त्यांच्या त्या वाक्यात तक्रार नव्हती. परंतु मला ते टोचले. त्याचे कारण पुढे सांगते.

दालचिनीचा जुना धडा

कष्ट हिशेबाबाहेर ठेवण्याची रीत घराघरातच आहे असे नाही. ज्या दालचिनीने त्या दिवशी सारे घर दरवळत होते, तिचा इतिहासही हेच सांगतो. सतराव्या शतकाच्या मध्यापासून १७९६ पर्यंत श्रीलंकेच्या किनारपट्टीवर डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल होता आणि दालचिनीच्या व्यापाराची मक्तेदारी तिच्याकडे होती. युरोपच्या बाजारात हा मसाला चढ्या भावाने विकला जाई. रानात जाऊन साल सोलण्याचे कौशल्याचे काम मात्र तेथील सलागम जातीच्या लोकांना सक्तीची सेवा म्हणून करावे लागे. मालाला मोल होते, सोलणाऱ्याच्या हाताला नव्हते. याच डचांची एक वखार सुरतेत होती आणि आपली नानकटाई सुरतेतील डच बेकरीच्या परंपरेतून पुढे आली असे सांगितले जाते. तेव्हा आजींची नानकटाई आणि नातीच्या वयाच्या माझ्या लेकीच्या कुकीज यांचे नाते आपल्याला वाटते त्याहून जवळचे आहे.

दालचिनीविषयी आणखी एक व्यावहारिक बाब येथेच नमूद करणे उचित ठरेल. आपल्या बाजारात ‘दालचिनी’ म्हणून मिळणारी जाड, कडक, गडद रंगाची साल बहुधा ‘कॅशिया’ असते. ‘दारचिनी’ या मूळ फारसी शब्दाचा अर्थच ‘चिनी लाकूड’ असा आहे. अस्सल दालचिनी फिकट, ठिसूळ आणि विडीसारखी अनेक पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असलेली असते. आपल्या कोकणात नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून ती होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाचे तिचे वाणही दिले आहे. कॅशियात कुमारीन नावाचे द्रव्य बरेच जास्त असते आणि त्याचे अतिसेवन यकृताला अपायकारक ठरू शकते. २००६ मध्ये जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने नाताळातील दालचिनीच्या बिस्किटांबाबत याच कारणाने इशारा दिला होता. कधीमधी दोन-चार कुकीज खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु जी गृहिणी नियमितपणे लहान मुलांसाठी डबे विकते, तिने कोणती साल वापरली हे सांगावे, अस्सल वापरली तर त्याची किंमत लावावी. प्रामाणिक मालाचा प्रामाणिक भाव घेण्यात संकोच कसला?

राष्ट्रीय उत्पन्नात न मावणारे हात

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रा. पिगू यांचे प्रसिद्ध उदाहरण आठवत असेल. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते, कारण आता पगार दिला जात नाही! राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची रीत आजही फारशी निराळी नाही. वहिनींनी केलेला डबा शेजारी विकला गेला तर तो मोजला जाईल. तोच डबा घरच्या मुलांनी संपवला तर त्यामागील श्रम मोजले जाणार नाहीत.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, कुटुंबीयांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या महिलांचा त्यावर दररोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. असे काम करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. जवळजवळ पाच तास! आपल्या शाखेचा काउंटर जितका वेळ ग्राहकांसाठी उघडा असतो, त्याच्याशी याची तुलना करून पाहावी.

इतकी वर्षे जे काम मोजलेच नाही, त्याची किंमत विक्रीच्या वेळी अचानक मोजता येईल तरी कशी? ‘घरचेच तर आहे’ हे उद्गार विनयातून येत असतील. पण व्यवसायात शिरताना हा विनय उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या नावाने देशभर पोहोचला. या संस्थेत पापड लाटण्याच्या मोबदल्याला ‘वणाई’ म्हणतात आणि तो लाटलेल्या वजनाप्रमाणे दिला जातो. नफा होवो न होवो, वणाई आधी. हाताला दाम आहे, त्याला नावही आहे. लिज्जतच्या यशाची कारणे अनेक असतील. परंतु माझ्या अल्पमतीप्रमाणे हे त्यांतील मूलभूत कारण होय.

आमच्या बाजूची चूक

आता ते टोचण्याचे कारण. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या शाखेत कर्ज विभागात होते. एक भगिनी घरगुती केक-बिस्किटांच्या व्यवसायासाठी लहान कर्ज मागण्यास आली. तिच्या प्रकल्प अहवालात मजुरीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. त्यामुळे नफ्याचे प्रमाण डोळे दिपवणारे दिसत होते. मी प्रश्न विचारला नाही. उलट, प्रस्ताव किती छान बसतो आहे याचे समाधान मानून शिफारस केली. मागणी वाढली तेव्हा तिला मदतनीस ठेवावी लागली. मदतनीस अर्थातच पगार मागणार. त्या दिवशी तो नफा नाहीसा झाला. आठ-दहा महिन्यांत व्यवसाय थांबला, हप्ते रखडले. ती शाखेत आली तेव्हा मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, माझंच गणित चुकलं.”

गणित तिचे एकटीचे चुकले नव्हते. मजुरीपुढील ती रेघ वाचण्याचे शिक्षण तिला नव्हते, मला होते. अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून पुढे सरकण्याची जी सवय आपल्या सर्वांना लागली आहे, तिचेच ते फळ होते. तारण नसलेल्या कर्जात मालमत्ता तपासायची नसते हे खरे; परंतु अशा कर्जाचे खरे तारण कर्जदाराचे श्रम हेच असते. तारणाचे मूल्यांकन न करता आपण कर्ज देतो काय? मग श्रमांचे मूल्यांकन न करता तरी का द्यावे?

मग भाव वाढवावा काय?

येथे कोणी विचारील, २८२ रुपयांना अर्धा किलो कुकीज घेणार कोण? दुकानात पाकीटबंद बिस्किटे कितीतरी स्वस्त मिळतात. शंका रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, हिशेब मांडणे म्हणजे केवळ भाव वाढवणे नव्हे. खर्च कोठे आहे हे कळले की तो कमी कसा करावा हेही कळते. वहिनी रोज एक डबा करीत असत. त्याऐवजी आठवड्यातून ठरावीक दिवशी, मागणी आधी घेऊन, एका बैठकीत तीन डबे केले तर साडेतीन तास लागतात. म्हणजे डब्यामागे मजुरी १२० ऐवजी ७० रुपये, वीज ७ रुपये, घसारा ३ रुपये. सामान आणि डब्याचे १४५ धरून एकूण खर्च २२५ रुपये. अडीचशे रुपये भाव ठेवला तर मजुरी पूर्ण मिळून वर २५ रुपये शिल्लक राहतात. बाजारातील स्वस्त बिस्किटांत बहुधा वनस्पतिजन्य चरबी असते, यांत लोणी आहे, हे ग्राहकाला सांगावे आणि निवड त्याच्यावर सोपवावी.

आणि एवढे करूनही भाव मिळत नसेल, तर तो व्यवसाय नव्हे, छंद आहे, असे स्वतःशी मान्य करावे. छंदात कमीपणा नाही. पण छंदासाठी कर्ज काढू नये. बँकेच्या अधिकाऱ्याने हे लिहावे याचे कोणास आश्चर्य वाटेल. परंतु प्रत्येक ओव्हनमागे एक कर्ज खाते उघडावे असा आपला हेतू नसावा. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. ते ज्यांचा हिशेब उभा राहतो त्यांच्यासाठी वरदान आहे. ज्यांचा राहत नाही त्यांच्यासाठी ओझे.

घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या भगिनींना म्हणूनच तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, एक स्वतंत्र वही आणि एक स्वतंत्र बचत खाते ठेवावे. घरखर्चाच्या डब्यात विक्रीचे पैसे मिसळू नयेत. दुसरी, वहीतील पहिली ओळ सामानाची नव्हे, आपल्या मजुरीची लिहावी. तिसरी, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार लहान उत्पादकालाही नोंदणी आवश्यक आहे. ती करून चौदा अंकी क्रमांक डब्यावर छापावा, आणि गहू, दूध यांसारखे घटक स्पष्ट लिहावेत. माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती : मजुरीच्या रकान्यात रेघ दिसली, तर अर्ज पुढे सरकवण्यापूर्वी समोरच्या भगिनीला बसवून घ्या आणि पाच मिनिटे तिच्याशी बोला.

समारोप

वहिनींनी भाव अडीचशे केला. सुरुवातीस निम्मी गिऱ्हाइके गळाली. काहींनी तोंडावर म्हटले, “घरीच तर करता, इतके कसे?” राहिलेल्यांसाठी त्या आता आठवड्यातून दोनदाच ओव्हन लावतात. उरलेल्या दुपारी, कित्येक वर्षांनी, त्या थोडा वेळ झोपतात असे आजींनी मला कौतुकाने सांगितले.

आमच्या घरी मात्र बशीभर कुकीज पूर्वीप्रमाणेच फुकट येतात. मी एकदा पैसे देऊ केले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “ही बशी वहीत लिहिली आहे, ताई. पण ती दिलेली आहे, विकलेली नाही.”

हिशेब मांडण्याचा याहून सुंदर अर्थ मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नव्हता. श्रमांचे मोल ठाऊक असलेल्या हातानेच खरे दान देता येते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्याकडून जाते ते नुसते निसटून. राणीच्या तलावाशेजारी एका दासीच्या नावाचाही तलाव लक्षात ठेवणाऱ्या या शहरात, निदान चेरीतालच्या एका घरात, राबणाऱ्या हाताची नोंद आता वहीच्या पहिल्या ओळीत होते. तशी ती आपणा सर्वांच्या घरी आणि आपल्या प्रत्येक शाखेत व्हावी, हीच अपेक्षा.